थकलेल्या पुस्तकांची यादी

आपल्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची तीन लोखंडी कपाटे आणि ग्रंथपाल सरांचे टेबल. नववीत असताना मधल्या सुट्टीत त्या टेबलाशी बसून देवघेव सांभाळण्याचा मान मला मिळाला होता.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा, खिशात पुस्तकाचे कार्ड आणि समोर तारखांचा कागद चिकटवलेला. पुस्तक देताना कार्डावर विद्यार्थ्याचा क्रमांक लिहून ते लाकडी पेटीत परतीच्या तारखेमागे लावायचे. पुस्तक आले की कार्ड पुन्हा खिशात. तारीख उलटूनही पेटीत उरलेली कार्डे हीच थकलेल्या पुस्तकांची यादी. त्यासाठी कपाटे धुंडाळावी लागत नसत. ही पद्धत अमेरिकेतल्या नेवार्क शहराच्या नावाने ओळखली जाते, हे मला फार पुढे कळले.

दर शनिवारी ती यादी मी वर्गात वाचत असे. उशिरासाठी दिवसाला पाच पैसे दंड होता. एकदा आपल्याच वर्गातल्या एका मित्राचे कार्ड पेटीतच राहिले. मी त्याचे नाव तीन शनिवार वाचले, वाढत्या दंडाच्या आकड्यासह. वर्ग हसला. चौथ्या शनिवारी तो शाळेत आला नाही, सोमवारीही नाही.

सरांना सांगितले. त्यांनी कार्ड हातात घेतले, दंडाचा आकडा खोडला आणि म्हणाले, "त्याच्या घरी जा. पुस्तक असेल तर आण. नसेल तरी त्याला घेऊन ये."

पुस्तक फळीवर होते, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. वाचून केव्हाच झाले होते. अडले होते ते दंडाच्या पैशांपाशी. दुसऱ्या दिवशी तो आला आणि सरांनी त्याला लगेच दुसरे पुस्तक दिले. त्यानंतर वर्गात यादी वाचणे बंद झाले. सर एकेकाला बाजूला बोलावून विचारत.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला : ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरा : प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. २०१९ साली शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराचा दंडच रद्द केला आणि दीर्घकाळ थकलेली पुस्तके परत येऊ लागली. ती बातमी वाचताना मला जिन्याखालचे टेबल आठवले.

तो मित्रही ही स्मरणिका वाचेल. तुझे नाव मी इथे लिहिलेले नाही. तीन वेळा मोठ्याने वाचले, तेवढे पुरे झाले.