अर्जी आणि मर्जी

भिलाईतील रुआबांधा आज पोलाद कारखान्यामुळे वाढलेल्या नगराचा एक भाग म्हणून ओळखला जातो. त्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी दुर्गच्या भोवतालचा हा मुलूख भातशेतीचा होता. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी दुर्गास तळ करून छत्तीसगड आपल्या अमलाखाली आणावयास आरंभ केला. मराठे आले ते घोड्यावरून. परंतु 1854 मध्ये त्यांचे राज्य गेले ते कागदावरून, आणि त्या कागदाला भोसल्यांनी कागदानेच उत्तर दिले.

फिर्यादीची आणि दाद मागण्याची मराठी मनाला जुनी सवय होती. पेशवाईतील वादात अग्रवादी आपली तकरीर लिहून देई, पश्चिमवादी आपली देई, दोघेही जामीन देत आणि मग पंच निवाडा करीत. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. पण पश्चिमवाद्याला उत्तर देणे भाग पडे, आणि तोच पंच होऊन बसत नसे. कंपनी सरकारकडे गेलेल्या अर्जात नेमके हेच उरले नाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच मेजावर ते जाऊन पडे.

साताऱ्याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तेथे राहिले. महाराजांवरील आरोपांची उघड चौकशी व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद त्यांच्या बाजूने बोलले. चौकशी झाली नाही. महाराज 1847 मध्ये वारले, पुढच्या वर्षी सातारा खालसा झाला, तरी रंगो बापूजी अर्ज लिहीतच राहिले. ह्या चिकाटीला भोळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तलवार मोडलेल्या माणसाजवळ दुसरे साधन कोणते होते?

नागपुरास तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले. अंत्यविधी यशवंतराव अहिररावांच्या हातून झाला, आणि राण्यांनी त्यांनाच दत्तक घेऊन जानोजी असे नाव ठेवले. राजाने स्वतः दत्तक घेतलेला नाही आणि विधवेने घेतलेल्या दत्तकाला राज्य मिळत नाही, असा डलहौसीचा युक्तिवाद होता. महाराष्ट्रातील धर्मशास्त्राच्या परंपरेप्रमाणे विधवेला पतीच्या पूर्वसंमतीवाचून दत्तक घेता येतो, ह्याचा त्याने फारसा विचार केला नाही. त्याच्याच कौन्सिलातील कर्नल लो ह्यांनी विरोधी मत नोंदविले. ते दप्तरात राहिले. वृद्ध बांकाबाईंच्या नेतृत्वाखाली राजघराण्याने कलकत्त्याकडे अर्ज केले. उत्तरादाखल हत्ती-घोडे लिलावात निघाले आणि जवाहीर विक्रीस कलकत्त्याला रवाना झाले. सामान हलविलेत तर वाड्याला आग लावीन, असे एका राणीने निक्षून सांगितल्याचे इतिहासकार के ह्याने लिहिले आहे. सामान हलविले गेलेच.

तिसऱ्या भोसले घराण्याने अर्ज सोडून खटल्याचा मार्ग धरला. तंजावरचे शिवाजीराजे 1855 मध्ये वारले आणि सरकारने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि नवल असे की त्या जिंकल्या! कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलात अपील केले. 1859 मध्ये तेथील न्यायमूर्तींनी ठरविले की ही जप्ती म्हणजे राजसत्तेचे कृत्य होय. ते न्याय्य असो की अन्याय्य, कोणत्याही दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही. ज्या कृत्याला कायद्याचा आधार नाही तेच कायद्याच्या आटोक्याबाहेर, असा हा अजब निवाडा. फिर्याद करणाऱ्याला न्यायासनावरून पुन्हा सरकारच्या उंबरठ्यावर पाठविण्यात आले. त्या उंबरठ्यावर मात्र 1862 मध्ये खासगी मालमत्ता परत मिळाली, परंतु हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

याच सुमारास मुंबईत अर्जाचे रूप पालटत होते. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने पार्लमेंटला अर्ज पाठविला तो कोणा राजाच्या गादीसाठी नव्हे, तर राज्यकारभारात हिंदी लोकांना स्थान मिळावे म्हणून. पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1875 मध्ये थेट पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी मागितले. दोन्ही अर्जांना मिळाले फार थोडे. पण ते लिहिण्यासाठी माणसे एकत्र बसली, सह्या गोळा झाल्या, आकडे जमविले गेले. गादीच्या अर्जाला एकच वारस असतो, ह्या अर्जांना तसा नव्हता. 1950 च्या राज्यघटनेने बत्तिसाव्या अनुच्छेदात सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागणे हाच मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा राजसत्तेच्या कृत्याची ती जुनी ढाल आपल्याच नागरिकाविरुद्ध पुढे करणे सरकारला सोपे राहिले नाही.

नागपूरकरांची कथा त्याआधीच संपली होती. 1857 च्या धामधुमीत बांकाबाईंनी इंग्रजांचा पक्ष सोडला नाही. अर्जांनी जे साधले नाही ते ह्या निष्ठेने थोडेसे साधले: लॉर्ड कॅनिंगच्या कारकिर्दीत जानोजींना देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला. देऊर हे सातारा जिल्ह्यातील गाव. बांकाबाई 1858 मध्येच निवर्तल्या होत्या. नागपूर, छत्तीसगड आणि दुर्गचा भातशेतीचा मुलूख 1861 मध्ये नव्या मध्य प्रांतात सामील करण्यात आला.