'कर्मणी' म्हणजे 'पॅसिव्ह' नव्हे

पनवेल-रोहा मार्गावर पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये कासू हे स्थानक आहे. त्याच्यावरून तीन वाक्ये करू. 'गाडी कासूला थांबली.' 'चालकाने गाडी कासूला थांबवली.' 'गाडी कासूला थांबवली गेली.' मराठीच्या तासाला पहिले वाक्य कर्तरी आणि पुढची दोन्ही कर्मणी ठरतात. इंग्रजीच्या तासाला मात्र पहिली दोन ॲक्टिव्ह आणि फक्त तिसरे पॅसिव्ह. मधल्या वाक्यापाशी मुले अडखळतात. 'चालकाने'तील 'ने' पाहून ती 'बाय द ड्रायव्हर' लिहून मोकळी होतात आणि गुण गमावतात. हा दोष मुलांचा कमी आणि परिभाषेचा जास्त आहे, असे आम्हांला वाटते.

कर्तरी, कर्मणी, भावे हे शब्द संस्कृत व्याकरणाचे. ती मुळात सप्तमीची रूपे आहेत. क्रियापदाचा प्रत्यय कर्त्याविषयी सांगतो, कर्माविषयी, की नुसत्या क्रियेविषयी, एवढाच तेथे प्रश्न असे. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ही जोडी आली ग्रीक-लॅटिन व्याकरणातून. एकोणिसाव्या शतकात या दोन परंपरा मराठी शाळेत भेटल्या. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ साली निघाले. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया आणि शब्द संस्कृतचे, असा तो काळ होता. भाषांतराच्या सोयीसाठी 'कर्मणी' समोर 'पॅसिव्ह' लिहिले जाऊ लागले आणि ते तसेच राहिले.

वास्तविक मराठीचा कर्मणी प्रयोग ही वेगळीच चीज आहे. पेणचा कारागीर घ्या. त्याने गणपती घडवला, मूर्ती घडवली, मखर घडवले. कारागीर एकच, पण क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. याचे मूळ 'रामेण फलं खादितम्' अशा संस्कृत रचनेत आहे. तेथे 'खादितम्' हे कर्माचे विशेषणच होते. अशी धातुसाधिते प्राकृतातून मराठीत आली आणि भूतकाळाचे साधे रूप बनली. रचना जुनीच राहिली, अर्थ मात्र पालटला. 'चालकाने आपल्या हाताने गाडी थांबवली' यात 'आपल्या' कोणाचा? चालकाचाच. म्हणजे वाक्याचा धनी अजून चालकच आहे. जगातील अशा रचनांना भाषाशास्त्रज्ञ अर्गेटिव्ह म्हणतात.

'तू कविता म्हटलीस' हे वाक्य तर मासलेवाईक आहे. 'ली' कवितेची, 'स' तुझा! जुन्या व्याकरणकारांनी याला कर्तृकर्मसंकर म्हटले. आणि 'तो पाणी प्याला', 'ती धडा शिकली' यांत कर्म असूनही प्रयोग कर्तरीच, हेही वर्गात सांगायला हवे.

मग खरा पॅसिव्ह मराठीत नव्हताच काय? होता. जुन्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपे सर्रास आढळतात. त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. ती मागे पडली, तरी आपण रोज वापरतो ते 'पाहिजे' त्यांतलेच. 'म्हणजे' हेही 'म्हणिजे'चे झिजलेले रूप. त्यांची जागा 'जाणे' घेणाऱ्या रचनेने घेतली. 'चोराला पकडले जाते', 'पोलिसांकडून चोर पकडला गेला' यांतली 'कडून'ची ढब इंग्रजीच्या वळणाची म्हणून शालेय पुस्तके तिला नवीन कर्मणी म्हणतात. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. प्रयोगांची इतकी सविस्तर चर्चा त्यापूर्वी मराठीत झाली नव्हती, असे आमचे मत आहे. ते पुस्तक शिक्षकांनी एकदा तरी चाळावे.

वर्गात दोन प्रश्न वेगळे ठेवले तर घोटाळा टळतो. मराठी वाक्याला विचारायचे, क्रियापद कोणाप्रमाणे बदलले? इंग्रजी वाक्याला विचारायचे, 'बी' या क्रियापदाचे रूप आणि त्याच्या पुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आहे का? 'द ट्रेन वॉज स्टॉप्ड' यात आहे. 'द ट्रेन हॅज स्टॉप्ड' यात तिसरे रूप असूनही 'बी' नाही. 'द ट्रेन वॉज स्टॉपिंग' यात 'बी' असूनही तिसरे रूप नाही. 'बाय' शोधत बसू नये. पॅसिव्ह वाक्यात तो गाळला तरी चालतो, आणि 'ही स्टूड बाय द ट्रेन' यात तो असूनही वाक्य ॲक्टिव्हच आहे.