जहाज टिपणाऱ्यांचं कूळ

नवा कॅमेरा घेतला आणि पहिल्याच रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. जाता-येता दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर चालत्या जहाजांचे बहुतेक हललेले. नीट आलेली सगळी जहाजं नांगर टाकून उभी. बायको म्हणाली, "म्हणजे जी पळाली नाहीत तीच सापडली!"

टोमणा झोंबला खरा, पण त्या एका वाक्यात या छंदाची कुळकथा आहे हे मला पुढे कळलं. कारण जगातला जहाजाचा पहिला फोटो म्हणून जो दाखवतात, तोही न पळालेल्या जहाजाचाच आहे. फोटोग्राफीच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटनं तो १८४४ साली ब्रिस्टल बंदरात काढला. जहाज होतं इंजिनिअर ब्रुनेलचं 'ग्रेट ब्रिटन': लोखंडी अंगाचं, ३२२ फूट लांब, सहा डोलकाठ्यांचं. जुलै १८४३ मध्ये ते पाण्यावर आलं आणि बंदरातच अडकलं. जहाजाचं पोट रुंद, बाहेर पडायचं लॉक-गेट अरुंद. शेवटी गेटच्या काठाचे दगड उपसले, तेव्हा कुठे डिसेंबर १८४४ मध्ये ते नदीत उतरलं. टॅल्बटच्या कॅलोटाइप कागदाला चित्र धरायला वेळ लागे, आणि अडकून पडलेल्या या जहाजाला वेळच वेळ होता.

तिकडे वेल्समधल्या स्वॉन्झीत कॅल्व्हर्ट जोन्स नावाचा एक पाद्री होता, मूळचा जहाजांचा चित्रकार. त्यानंही त्याच दशकात ओहोटीला चिखलात बसलेली जहाजं कागदावर उतरवली. भरती आली की जहाज डोलणार, मग फोटो संपला. टॅल्बटला लॉक-गेटनं हात दिला, जोन्सला चंद्रानं.

पुढचे टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. १८५६ मध्ये गुस्ताव्ह ल ग्रेनं समुद्रावरच्या ब्रिगचा, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाचा, फोटो काढून लंडन-पॅरिसला वेड लावलं. १८८८ मध्ये कोडॅकनं कॅमेरा घरोघरी नेला. माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी: जहाजांचे फोटो काढणारा माणूस मुळात कोण? शिकारी की कारकून?

शिकारीवाल्यांची बाजू भक्कम आहे. 'स्नॅपशॉट' हा शब्दच बंदूकवाल्यांचा. नीट नेम न धरता झटकन उडवलेला बार म्हणजे स्नॅपशॉट. १८६० मध्ये शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेलनं तो उचलून फोटोला लावला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सेकंदाच्या दहाव्या भागात पकडलेलं चित्र होतं. त्यांचा दुसरा साक्षीदार इंग्लंडमधल्या काउझ बंदरातला फार्मसीवाला फ्रँक बेकन. शर्यतीच्या शिडाच्या नौका टिपायला हा स्वतः लहान बोटीत उभा राही. दोन्ही हात पेटीएवढा कॅमेरा सांभाळण्यात गुंतलेले, म्हणून शटरचा रबरी फुगा दातांत धरायचा आणि क्षण आला की कचकन चावायचं. याहून शिकारी आणखी कसा असतो?

पण वर मी सहज 'टिपायला' लिहून गेलो, आणि तिथेच थबकलो. मराठीत चिमणी दाणा टिपते, नेमबाज सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो आणि कारकून मजकूर टिपून घेतो. फोटोही आपण टिपतो. आता यातलं फोटोचं टिपणं कुठून आलं? नेमबाजाकडून, असं कुणीही पटकन म्हणेल. संस्कृताकडे बोट दाखवणारे 'टिप्पणी' पुढे करतील आणि कारकुनाचं टिपण चिमणीच्या टिपण्यापासून वेगळं काढतील. मला ही वाटणी मान्य नाही. बोरूचं टोक कागदावर टकटक चालताना पाहिलेल्या माणसाला चोच आठवणारच. दोन्हीकडे मोठ्या पसाऱ्यातून एकच कण नेमका उचलायचा असतो. माझ्या मते शब्द एकच, आणि त्यातला कारकून थोरला.

जहाजांच्या छंदात तर तो थोरला आहेच. लंडनच्या लॉइडच्या कॉफीगृहातल्या गिऱ्हाइकांनी १७६० मध्ये संस्था काढली आणि १७६४ मध्ये जहाजांची पहिली नोंदवही छापली. कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी. त्याच नोंदवहीतल्या क्रमांकांवरून आजचा सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक आला. मालक बदलो, नाव बदलो, झेंडा बदलो, जहाज भंगारात जाईपर्यंत तो क्रमांक तोच. आजचा छंदी माणूस लांब लेन्स लावून आधी काय वाचतो? नाळेवरचं नाव आणि मागच्या अंगावरचा हा क्रमांक. हँबर्गच्या खाली एल्ब नदीकाठी वेडेल इथे १९५२ पासून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात, आणि सलामी देणाऱ्याच्या हाताशी असतात जहाजांच्या माहितीची कार्डं.

काही जण या छंदाचा बाप आगगाडीवाला मानतात. १९४२ मध्ये इयन ॲलननं इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका काढली, पोरं फलाटावर वह्या घेऊन उभी राहिली, आणि तेच वेड बंदरावर गेलं, असा त्यांचा दावा. मी म्हणतो, ही गंगा उलटी वाहते. यादीत खूण करायची खोड लॉइडच्या घरची. ॲलन फार तर तिचा खापरपणतू.

शिकारीवाल्यांना शेवटचा धक्का दिला एआयएस या जहाजांच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेनं. २००४ पासून मोठ्या जहाजांना आपलं नाव, ठिकाण आणि वेग रेडिओवरून सांगत राहावं लागतं. सावजच आपली वेळ कळवून येऊ लागलं, तर शिकारीत राम तो काय उरला? तरी छंद मेला नाही, उलट वाढला. कारकुनाला काय, रेल्वेचं वेळापत्रक हाती पडल्यासारखं झालं!

आता आपल्या घरची गोष्ट. टॅल्बटचं ते 'ग्रेट ब्रिटन' मुंबईला येऊन गेलं आहे. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडहून घोडदळ घेऊन निघालं आणि डिसेंबरात इथे लागलं. युद्धावरचं लिहिणारी फॅनी डबर्ली त्यावर होती. तेव्हा मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीला तीन वर्षं झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद म्हणून फोटो काढत होते. बंदरात एवढं धूड उभं असताना कुणीच कॅमेरा रोखला नसेल? रोखलाच असणार, असं मी खुशाल धरून चालतो.

ते जहाज पुढे फॉकलंड बेटांवर मोडकळीला आलं. १९७० मध्ये तराफ्यावर घालून ब्रिस्टलला, जिथे बांधलं त्याच सुक्या गोदीत आणून ठेवलं. पुन्हा एकदा जागचं हलत नाही.

या रविवारी परत रेवस. कॅमेऱ्याबरोबर दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर नोंद करून टाकली: 'ग्रेट ब्रिटन', मुंबई, डिसेंबर १८५७. फोटोचा रकाना तेवढा मोकळा ठेवला आहे.