वीरकथेतील काळोख

मुलांच्या हातातील चित्रकथा हल्ली फार काळवंडल्या आहेत, अशी तक्रार पालकांकडून वरचेवर ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. आमच्या पिढीने एस.टी. स्टँडवरच्या दुकानांतून इंद्रजाल कॉमिक्स घेतले आणि पाने सुटी होईपर्यंत एकमेकांत फिरवून वाचले. १९६४ साली सुरू झालेली ती माला १९९० साली बंद पडली. तिच्यातील फँटम कवटीच्या गुहेत राही, दुष्टांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवी. पण त्या कवटीने आमची झोप कधी उडविली नाही. आजचा वीर मात्र रात्री एकटा भटकतो, स्वतःवरच चिडतो, आणि आपण करतो ते योग्य की अयोग्य हेच त्याला उमगत नाही.

तरीही काळोख हा वीरकथेत बाहेरून शिरलेला पाहुणा नव्हे. दाविदाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. गोफणीचा दगड लागला, गल्याथ पडला, येथे बहुधा आपण थांबतो. शास्त्रात पुढे शिरच्छेदही आहे. आणि मुले एकमेकांना नेमका तोच भाग रंगवून सांगतात!

या प्रश्नाचा इतिहास शोधण्यासाठी अमेरिकेच्या आधी सांगलीस जावे, असे आम्हांस वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी तेथे 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचा त्यांस आश्रय होता. या पौराणिक नाटकांत सूत्रधार पदे गाई, गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई, विदूषक सर्वांची फिरकी घेई. आणि मग 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून, तलवारी परजीत राक्षस उड्या मारीत येत. शिकलेली मंडळी पुढे या प्रकाराला 'अललडुर्र' म्हणूनच नाके मुरडू लागली. लहान पोरे मात्र मोठ्यांच्या पाठीआड दडून, तेथूनच पुन्हा डोकावून पाहत असणार. राक्षस आणि विदूषक एकाच रंगमंचावर होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. साताऱ्याकडील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पुढे स्वतःच्या कुंचल्याने चितारलेले 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध केले. चित्रकथा म्हणतात ती याहून निराळी काय असते?

त्याच सांगलीत १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. आधार पुन्हा महाभारताचाच. परंतु येथील दुष्ट आरोळी ठोकीत येत नाही. तो राजाचा मेव्हणा आहे, सेनापती आहे, अधिकाराच्या भाषेत बोलतो, आणि सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीची मागणी करतो. कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन, द्रौपदीच्या ठिकाणी पारतंत्र्यातील देश, युधिष्ठिराच्या ठिकाणी मवाळ आणि भीमाच्या ठिकाणी जहाल पाहणे प्रेक्षकांना मुळीच अवघड गेले नाही. १९१० साली मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली. अललडुर्र राक्षसांची धास्ती सरकारने कधी घेतली नव्हती. नाटक हसरे उरले नव्हते. पण उदासही नव्हते, कारण भीमाचा संताप हा त्याच्या एकट्याचा संताप नव्हता.

अमेरिकेतील चित्रकथांकडे आम्ही याच नजरेने पाहतो. बॅटमॅन १९३९ साली अवतरला, आणि आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा ही त्याची हकीकत त्याच वर्षी छापली गेली. १९४० साली रंगीत पोशाखातील रॉबिन हा मुलगा त्याच्या सोबतीस आला आणि बालवाचकांना त्या काळोखात बसावयास जागा मिळाली. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने, चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असा ग्रंथरूपाने आरोप केला. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली: प्रत्येक कथेत सज्जनांचाच विजय झाला पाहिजे! तेथील कॅथलिक मंडळींनीही आक्षेपार्ह चित्रकथांच्या याद्या केल्या. मात्र १९४६ ते १९७२ या काळात धर्मग्रामांच्या शाळांतून 'ट्रेझर चेस्ट' ही कॅथलिक चित्रकथामालाही वाटली जात होती. याद्यांपेक्षा हे काम अधिक शहाणपणाचे होते, असे आमचे मत आहे.

आचारसंहितेच्या छायेत कथा निरुपद्रवी झाल्या, पुष्कळदा पोरकटही. म्हणून १९८६ साली फ्रँक मिलर यांचा वयस्क, कडवट बॅटमॅन आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांचे 'वॉचमेन' आले, तेव्हा प्रौढ वाचक खूष झाले. त्यांना दोष कसा द्यावा? पण १९८८ साली जे घडले ते आम्हांस आजही खुपते. दुसऱ्या रॉबिनला मारावे की जगवावे, हे प्रकाशकांनी वाचकांच्या दूरध्वनींवर सोपविले. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी कथेतल्या मुलाचा निकाल लागला. काळोख १९३९ सालीही होता. त्यातील मूल आता मतदानाने हटविले गेले. पुढे नवा रॉबिन आणावाच लागला, ही गोष्ट निराळी.

आता वाटेगावची एक वीरकथा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यात होते. १९२० साली तेथे जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, तेही जन्माने सांगलीचेच. गावाच्या मानासाठी जोगणी आणताना फकिराच्या बापाचे शिर कापले जाते. पुढे दुष्काळ आहे, रोगराई आहे, सरकारी छळ आहे. फकिरा धान्य लुटून भुकेल्यांत वाटतो, खजिना लुटतो, आणि सरकारने त्याची माणसे कोंडून ठेवली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्वतःच शरण जातो. यापेक्षा अधिक काळोख कोणत्या चित्रकथेत आहे? तरी घोडदौड आली की वाचणाऱ्याचा श्वास फुलतो, आणि शरणागतीचे पान येईतो पुस्तक खाली ठेववत नाही.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक द्यावे काय, असे विचारल्यास आम्ही खुशाल होय म्हणू. त्याच्या दप्तरातील बॅटमॅनही काढून घेऊ नये. जेवणे आटोपल्यावर तो त्याच्याकडूनच मागून घ्यावा आणि रॉबिन कोठे आहे ते विचारावे.