मजकूर नोड आणि टिप्पणी नोड

मजकूर नोड आणि टिप्पणी नोड हे एक्सएमएल दस्तऐवजाच्या वृक्षरचनेतील नोडांचे दोन प्रकार आहेत. दस्तऐवजाचा प्रत्यक्ष आशय मजकूर नोडमध्ये असतो, तर लिहिणाऱ्याने केलेली टीप टिप्पणी नोडमध्ये असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने एक्सएमएल १.० हे मानक १० फेब्रुवारी १९९८ रोजी, तर असा वृक्ष हाताळण्याचे डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल (डॉम) हे मानक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केले. डॉममध्ये मजकूर नोडचा प्रकारक्रमांक ३ व टिप्पणी नोडचा ८ आहे. दोहोंना अपत्य नोड नसतात.

मजकूर नोड

<गाव>सोलापूर</गाव>

येथे 'गाव' हा घटक असून 'सोलापूर' हा त्याचे अपत्य असलेला मजकूर नोड आहे. घटकांच्या दरम्यान सोडलेल्या मोकळ्या जागा व नव्या ओळी यांचेही सामान्यतः मजकूर नोड बनतात. त्यामुळे घटकाचे पहिले अपत्य मागितल्यास पुष्कळदा केवळ रिकामी जागा हाती येते.

डॉममध्ये मजकुराची लांबी यूटीएफ-१६ एककांत मोजतात. 'सोलापूर' या शब्दात अक्षरे चार असली, तरी स्वरचिन्हे स्वतंत्र मोजली जात असल्याने लांबी ७ भरते. पाचव्या एककानंतर नोड तोडल्यास 'सोलाप' आणि सुट्या पडलेल्या ऊकाराने सुरू होणारा, त्यापुढे 'र' असलेला असे दोन तुकडे होतात.

टिप्पणी नोड

टिप्पणी <!-- या चिन्हाने सुरू होते व --> याने संपते. तिच्या आत लागोपाठ दोन संयोगचिन्हे चालत नाहीत. टिप्पणीत टिप्पणीही लिहिता येत नाही.

<गाव>सोला<!-- तपासावे -->पूर</गाव>

या घटकाला तीन अपत्ये आहेत: मजकूर, टिप्पणी, मजकूर. केवळ पहिला मजकूर नोड वाचणाऱ्या प्रोग्रामला 'सोला' एवढेच मिळते. घटकाचा एकत्रित मजकूर मागितल्यास टिप्पणी वगळून 'सोलापूर' मिळते. टिप्पणी काढून टाकल्यावरही दोन्ही तुकडे वेगळेच राहतात. 'नॉर्मलाइझ' ही क्रिया ते सांधते.

टिप्पण्या उपलब्ध करून देणे मानकाने प्रक्रियकावर बंधनकारक केलेले नाही. म्हणून आवश्यक माहिती टिप्पणीत ठेवू नये. तसेच फाइल उघडणाऱ्या कोणालाही टिप्पणी वाचता येते, म्हणून गोपनीय माहितीही तिच्यात लिहू नये.

मराठी विकिपीडियातील उदाहरण

मराठी विकिपीडियाची पाने एक्सएमएल स्वरूपात निर्यात करता येतात. त्यात लेखाचा संपूर्ण स्रोत एका घटकातील मजकूर म्हणून येतो. संपादकांनी लेखात लिहिलेल्या छुप्या सूचना येथे टिप्पणी नोड होत नाहीत. निर्यातीच्या वेळी '<' या चिन्हाच्या जागी संकेत घातला जात असल्याने त्या मजकूर नोडचाच भाग राहतात. त्यामुळे या निर्यातीवरून शब्दगणना वा भाषिक अभ्यास करताना वृक्षातील टिप्पणी नोड वगळणे पुरेसे नसते. लेखाच्या मजकुरातून त्या सूचना स्वतंत्रपणे काढाव्या लागतात.