विमान ज्याचे, पाना त्याच्याच हाती

विमानाचा शोध कोणी लावला, हा प्रश्न शाळेत नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉक या गावाजवळ ऑर्व्हिल राइट याने १२ सेकंद उड्डाण केले व १२० फूट अंतर कापले. पाठ्यपुस्तकातील गोष्ट येथे संपते. त्याआधीच्या सहा आठवड्यांत त्या विमानात काय काय मोडले, ते का मोडले आणि कोणी दुरुस्त केले, ही हकीकत मात्र पुस्तकात येत नाही. खरे तर वर्गात सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे, कारण बिघाड शोधून काढणे हा विज्ञानाच्या पद्धतीचा उत्तम पाठ असतो.

विल्बर व ऑर्व्हिल हे बंधू डेटन या गावी सायकलींचे दुकान चालवीत. त्यांच्या विमानाचे मालक तेच, चालक तेच आणि मिस्त्रीही तेच. जोडीला होता चार्ली टेलर हा त्यांच्या दुकानातील कारागीर. लेथ, ड्रिलचे यंत्र आणि काही हातहत्यारे एवढ्या सामग्रीवर, कागदाच्या चिठोऱ्यांवर काढलेल्या आकृत्या समोर ठेवून त्याने सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन तयार केले. ते फेब्रुवारी १९०३ मध्ये प्रथम चालले आणि दुसऱ्याच दिवशी बेअरिंगे अडकून इंजिनाचे ॲल्युमिनिअमचे अंगच फुटले. नवे ओतकाम येईपर्यंत एप्रिल उजाडला. विमानविद्येच्या इतिहासात उड्डाणाआधी दुरुस्ती आली, ती अशी.

तुटणारा शाफ्ट

इंजिनाची शक्ती दोन प्रोपेलरांपर्यंत पोचवण्यासाठी राइट बंधूंनी सायकलीचीच युक्ती वापरली होती : साखळ्या आणि दात्यांची चाके. प्रोपेलरचे शाफ्ट पोकळ पोलादी नळीचे होते. नोव्हेंबरच्या आरंभी किटी हॉकच्या छपरात इंजिन चालवून पाहताच ते धक्के देऊ लागले. ठिणगी मधूनच चुकत होती, त्यामुळे साखळ्यांना हिसके बसत आणि दात्यांची चाके सैल होत. शेवटी शाफ्टही निकामी झाले व दुरुस्तीसाठी डेटनला टेलरकडे पाठवावे लागले.

ते परत आले, तरी चाके पुन्हा सैल झाली. नट कितीही आवळले तरी व्यर्थ. तेव्हा बंधूंनी सायकलीचे टायर रिमला चिकटवण्याचा लुकणासारखा पदार्थ काढला, शाफ्ट व चाके तापवून तो आट्यांत वितळवून भरला आणि नट पुन्हा बसवले. चाके घट्ट बसली. पण आता चाके सरकेनात, तेव्हा सारे हिसके शाफ्टवर येऊ लागले. २८ नोव्हेंबरला एका शाफ्टला तडा गेल्याचे दिसले.

येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे : तुम्ही काय केले असते? बहुतेक मुले सांगतील, जास्त जाड नळी घ्यावी. ऑर्व्हिल डेटनला परतला तो वेगळा विचार करून. इंजिनाची शक्ती एकसारखी येत असती, तर ती नळी गरजेच्या कितीतरी पट मजबूत होती. मग ती तुटली का? कारण इंजिनाचे हिसके सोसण्यापुरती लवचीकता तिच्यात नव्हती. म्हणून त्याने कमी व्यासाचे, भरीव आणि उत्तम पोलादाचे शाफ्ट करवून घेतले. हिसका बसला की ते किंचित पिळले जाणार आणि पुन्हा सरळ होणार.

याचे गणित वर्गात सहज करता येते. दांड्याची पिळास विरोध करण्याची ताठरता व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. नळीसाठी बाहेरच्या व्यासाच्या चतुर्थ घातातून आतल्या व्यासाचा चतुर्थ घात वजा करावा. उदाहरणादाखल (हे आकडे राइट बंधूंचे नव्हेत) बाहेरून ३० व आतून २६ मिलिमीटर व्यासाची नळी घेऊ : ८,१०,००० वजा ४,५६,९७६, म्हणजे ३,५३,०२४. आता २० मिलिमीटरचा भरीव दांडा : १,६०,०००. दांड्यात धातू नळीच्या पावणेदोन पटींहून अधिक, तरीही तो तेवढ्याच बलाने दुपटीहून जास्त पिळला जातो. अर्थात त्यातील ताणही वाढतो. म्हणूनच पोलाद उत्तम प्रतीचे हवे.

ऑर्व्हिल ११ डिसेंबरला नवे शाफ्ट घेऊन परतला. मधल्या काळात, ८ डिसेंबरला, सरकारी मदतीवर उभे राहिलेले सॅम्युएल लँग्ली यांचे विमान दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळले होते. राइट बंधूंचे विमान १४ तारखेला विल्बरच्या प्रयत्नात आपटले, दोन दिवसांत दुरुस्त झाले आणि १७ तारखेला चार वेळा उडाले. शेवटचे उड्डाण ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे होते.

दोष यंत्रात नसतो तेव्हा

पुढची दोन वर्षे ही भावंडे डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गायरानात उडत राहिली. १९०५ मध्ये एक निराळाच दोष त्रास देऊ लागला. लहान वर्तुळात वळताना कधीकधी विमान एका अंगावर कलत जाई आणि पंखांचे नियंत्रण वापरूनही सरळ होत नसे. तारा तपासल्या, सांधे तपासले, तरी सर्व ठीक.

सप्टेंबरच्या अखेरीस ऑर्व्हिल असाच वळत असताना विमान एका काटेरी झाडाकडे सरकू लागले. आता उतरावेच लागणार, म्हणून त्याने नाक खाली केले आणि विमान एकाएकी ताब्यात आले. कारण पुढे उलगडले. वळताना पंखांना विमानाच्या वजनाबरोबरच त्याला वर्तुळात फिरवत ठेवण्याचा भारही उचलावा लागतो. वेग अपुरा असला की आतला पंख हवेवरची पकड गमावतो. नाक खाली केले की वेग वाढतो आणि पकड परत येते. बदलायचा होता तो भाग विमानात नव्हता, चालकाच्या सवयीत होता. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने सुमारे ३९ मिनिटांत २४ मैल वर्तुळे घेत अंतर कापले.

मोडक्या तुकड्यांची साक्ष

तिसरी कथा दुःखाची आहे. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल अमेरिकी सैन्यापुढे प्रात्यक्षिक देत होता. सोबत लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा २६ वर्षांचा अधिकारी होता. त्या दिवशी विमानाला नवे, थोडे लांब प्रोपेलर लावले होते. उडत असताना ऑर्व्हिलला मागून टकटक असा हलका आवाज आला. वळून पाहिले तर काही दिसेना. तरी त्याने इंजिन बंद करून उतरायचे ठरवले. तेवढ्यात मोठे धक्के बसले आणि विमान जमिनीवर कोसळले. सेल्फ्रिज मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मृत्यू येणारा तो पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी व बरगड्या मोडल्या.

रुग्णालयात पडल्यापडल्याच ऑर्व्हिलने मोडके भाग मागवून घेतले. त्यांवरून लागलेली संगती अशी : प्रोपेलरच्या एका पात्याला उभा तडा गेला. ते पाते चपटे होऊन त्याची ओढ कमी झाली. दोन पात्यांचा तोल बिघडून थरथर सुरू झाली. तिने शाफ्टचा आधार सैल केला. पात्याचे टोक किंचित बाहेर सरकून मागच्या सुकाणूच्या तारेला लागले, तार तुटली, सुकाणू आडवे पडले आणि विमानाचा ताबा गेला. ऑर्व्हिलला ऐकू आलेली ती टकटक या साखळीच्या मधल्या कडीची होती. तडा जमिनीवर दिसला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर चाचण्या पूर्ण झाल्या आणि सैन्याने विमान विकत घेतले.

आजचा मालक

मोठी विमाने आज प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या ताब्यात असतात. मात्र लहान, दोन आसनी खेळविमानांच्या जगात राइट बंधूंची परंपरा टिकून आहे. अमेरिकेत २००४ साली या हलक्या विमानांचा स्वतंत्र वर्ग ठरला (२०२५ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली). त्यातील प्रायोगिक प्रकारच्या विमानाच्या मालकाला १६ तासांचे प्रशिक्षण घेऊन आपल्याच विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकेल, अशी तरतूद त्या नियमांत होती.

अशा मालकाची रोजची एक चाचणी पाहण्याजोगी आहे. विमानांच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. उड्डाणापूर्वी चालक एक व्यवस्था बंद करतो. इंजिनाचे फेरे थोडे कमी व्हायला हवेत. फार कमी झाले किंवा इंजिन अडखळले, तर चालू ठेवलेल्या व्यवस्थेत दोष. पण फेरे मुळीच कमी झाले नाहीत तर? नवशिक्याला आनंद होतो. जाणकार सावध होतो, कारण बंद केलेली व्यवस्था प्रत्यक्षात बंदच झालेली नसावी. असे इंजिन थांबलेले असताना कोणी हाताने प्रोपेलर फिरवला तर ते अकस्मात सुरू होऊन हात तोडू शकते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय घडावे हे आधी ठरवायचे आणि अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला तरी शंका घ्यायची. प्रयोगशाळेतील शिस्त याहून वेगळी नसते.

चार्ली टेलरचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमानदुरुस्ती तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत विमान आणता येणार नाही, पण सायकल आणता येईल. जिची साखळी वारंवार पडते अशी एखादी सायकल वर्गासमोर ठेवा. साखळी चढवून देणारा मुलगा लगेच पुढे येईल. ती का पडते, हे सांगेपर्यंत मात्र कोणालाही तिला हात लावू देऊ नका.