औद्योगिक सवलती आणि मराठवाड्याचा अनुशेष : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या औद्योगिक मागासलेपणाची चर्चा सुरू झाली की दोन कारणे हमखास पुढे येतात. पहिले म्हणजे येथे राजकीय नेतृत्व कमी पडले आणि दुसरे म्हणजे उद्योगांना पुरेशा सवलती मिळाल्या नाहीत. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहता ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दिले. सवलतींचे म्हणाल तर १९६४ पासून मागास भागासाठी सवलतींची योजना राज्यात अखंड चालू राहिली आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत मागास तालुक्यांना झुकते माप मिळत गेले. तरीही येथील तरुण कामाच्या शोधात पुण्या-मुंबईची वाट धरतो. असे का व्हावे? शासनाने कंपन्यांना दिलेल्या कर-सवलती व अनुदाने सार्थकी लागतात काय, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक अंगाने घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निजामकालीन प्रारूप : राज्य भागीदार असते तेव्हा

शासनाने उद्योगाला पैसा पुरविण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. हैदराबाद संस्थानाने १९२९ मध्ये एक कोटी रुपयांचा औद्योगिक विश्वस्त निधी स्थापन केला. या निधीतून मोठ्या उद्योगांचे भाग घेतले जात व त्यांना कर्जे दिली जात. वारंगळची आझमजाही गिरणी, बोधनचा निजाम साखर कारखाना, सिरपूरची कागद गिरणी ही त्या काळातील ठळक उदाहरणे होत. नांदेडच्या उस्मानशाही कापड गिरणीतही राज्याच्या भांडवलाचा वाटा होता. गोदाकाठचा कापूस, १९०० च्या सुमारास आलेला लोहमार्ग आणि राज्याचे भांडवल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि नांदेडला गिरणी कामगारांचे शहर ही ओळख मिळाली.

या प्रारूपाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. संस्थानी राजवट लोकांना उत्तरदायी नव्हती, आणि निधीचा मोठा भाग तेलंगणातील उद्योगांकडे वळला. तथापि त्यात एक तत्त्व होते. राज्याने पैसा दिला की राज्य त्या उद्योगाचे भागीदार होत असे. नफा झाला तर हिस्सा मिळे आणि कारभारावर काही अंकुशही राही. पुढे १९७४ मध्ये आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात उस्मानशाही गिरणी केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कालांतराने बंद पडली. भागीदारीसुद्धा उद्योगाला अमरत्व देत नाही, हा धडाही याच गिरणीने दिला.

पॅकेज योजना : राज्य सावकार होते, पण व्याज घेत नाही

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा उद्योग मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटलेले होते. ते राज्यभर विखुरले जावेत म्हणून १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणि १९६६ मध्ये 'सिकॉम' अशी मालिका उभी राहिली. ही योजना 'पॅकेज स्कीम' या नावानेच अधिक परिचित आहे. पुढील काळात १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ व २०१९ अशा तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मागासलेपणानुसार तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि पुढे ड+ व विनाउद्योग जिल्हा असे गट पाडण्यात आले. गट जितका मागास तितकी सवलत मोठी आणि तिची मुदत लांब, असे हे सूत्र होते.

या सवलतींचा कणा विक्रीकर हा होता. काही उद्योगांना करमाफी मिळे, तर काहींना करस्थगिती. करस्थगितीचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. ग्राहक वस्तू घेताना कर भरतोच. मात्र कंपनी तो लगेच शासनाकडे न भरता स्वतःजवळ ठेवते आणि अनेक वर्षांनी हप्त्यांनी, बिनव्याजी परत करते. वरकरणी शासनाचे काहीच जात नाही, कारण रक्कम पूर्ण परत येते. परंतु बारा वर्षांनी मिळणाऱ्या एक लाख रुपयांचे आजचे मूल्य दहा टक्के व्याजदराने सुमारे ३२ हजार रुपयेच भरते. उरलेले ६८ हजार हे अनुदानच होय. फरक इतकाच की ते अंदाजपत्रकात अनुदान म्हणून दिसत नाही.

हा हिशेब केवळ कागदी नाही. पुढे शासनाने स्थगित कर त्याच्या वर्तमान मूल्याने मुदतीपूर्वीच फेडण्याची मुभा दिली. सुल्झर इंडिया या कंपनीने सुमारे ७.५२ कोटी रुपयांच्या स्थगित करापोटी सुमारे ३.३७ कोटी रुपये भरून या मुभेचा लाभ घेतला. उरलेल्या रकमेवर आयकर लागतो काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीने नियमबाह्य काही केले नव्हते. निम्म्याहून अधिक रक्कम ही सवलतीची खरी किंमत होती, एवढेच या प्रकरणाने उघड केले.

राज्याराज्यांतील स्पर्धेमुळे हा भार इतका वाढला की नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती न देण्याचे ठरले. १ जानेवारी २००० पासून तो निर्णय अमलात यावयाचा होता. सवलती मात्र थांबल्या नाहीत. २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि २००७ च्या योजनेत भरलेल्या कराशी निगडित प्रोत्साहन अनुदान आले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा राज्याच्या वाट्याच्या कराशी हे अनुदान जोडले गेले. मार्ग बदलला, मुक्काम तोच राहिला.

एकच योजना, दोन फळे

सवलतींची परीक्षा घेण्यास मराठवाड्यासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेड-लातूर यांना लागू असलेले धोरण एकच होते. औरंगाबादजवळ वाळूज येथे १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा प्रकल्प आला आणि त्यामागून सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांची साखळी उभी राहिली. सवलतींचा त्यात वाटा निश्चित आहे, तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु तेथे जायकवाडीचे पाणी होते आणि पुणे-मुंबईला जोडणारा रस्ता होता. नांदेडहून माल पाठवायचा तर मनमाडला मीटरगेजवरून ब्रॉडगेजवर चढवावा लागे. ही अडचण १९९० च्या दशकात दूर झाली. लातूरकरांच्या नशिबी तर बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होती. तेथे ब्रॉडगेज येण्यास २००७-०८ साल उजाडले.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरविला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी म्हणजे २३.५६ टक्के होता. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांतील ही तूट होती. मागास तालुक्यातील उद्योगाला सवलत द्यावी लागते ती याच तुटीची भरपाई म्हणून. येथेच या धोरणाचा मूलभूत दोष दडलेला आहे. रस्ता नाही म्हणून कंपनीला भरपाई मिळते, पण रस्ता होत नाही. पाण्याच्या अभावाची झळ शेतकरी, विद्यार्थी, रुग्ण सर्वांनाच बसते. भरपाई मात्र एकट्या कंपनीला मिळते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत या शहरात कारखाना काढण्याचा विचार करणाऱ्या उद्योजकाला कराची कोणती सवलत धीर देऊ शकली असती?

एक आक्षेप व त्याचा विचार

सवलतीचे समर्थक म्हणतात की, जो कारखाना सवलतीविना आलाच नसता, त्याचा सोडलेला कर हा तोटा नव्हेच. शून्यातून काही मिळाले हाच लाभ. हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो 'आलाच नसता' या दोन शब्दांवर उभा आहे. लातूरच्या डाळ गिरण्या आणि सोयाबीन तेलाचे कारखाने येथे आले ते तूर आणि सोयाबीन येथे पिकते आणि लातूरच्या बाजारात येते म्हणून. कच्च्या मालापाशी येणाऱ्या उद्योगाला येण्याबद्दल अनुदान देणे म्हणजे घरी निघालेल्या माणसाला घरी जाण्याचे भाडे देणे होय.

रोजगाराची अटही तपासावी लागते. उद्योगांत ८० टक्के व पर्यवेक्षकीय वर्गात ५० टक्के स्थानिक असावेत, असा शासनाचा दंडक आहे. परंतु त्यातील 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. सवलत मिळते तालुक्याच्या मागासलेपणावर आणि रोजगार मोजला जातो राज्याच्या सीमेवर, ही विसंगती आहे. ज्यांच्या दारिद्र्याच्या आधारे सवलत ठरते, त्यांच्याच मुलांना काम मिळाले पाहिजे असे बंधन या दंडकात नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, औद्योगिक सवलती सरसकट निरर्थक नाहीत. परंतु पायाभूत सोयींना त्या पर्याय होऊ शकत नाहीत. पाणी आणि दळणवळण असेल तेथे सवलत उद्योगाला वेग देते. नसेल तेथे मुदत संपताच उद्योगाचे येथे राहण्याचे कारणही संपते. लातूरचा रेल्वे डबा कारखाना या दृष्टीने बोलका आहे. मार्च २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. ब्रॉडगेज रूळ आधी आले, कारखाना नंतर आला.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. केंद्र शासन २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून सोडलेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करू लागले. त्याच धर्तीवर राज्याने तालुकानिहाय व उद्योगनिहाय विवरण द्यावे. सवलत घेणाऱ्या उद्योगाने जिल्ह्यातील किती जणांना कायम नोकरी दिली, याची नोंद त्यासोबत असावी. आणि एखाद्या तालुक्यासाठी जितका कर सोडला जाईल, तितकीच रक्कम त्या तालुक्याच्या पाणी व रस्त्यांसाठी राखून ठेवावी. कंपनी उद्या गाव सोडून गेली तरी तलाव आणि रस्ता गावातच राहतो. शासनाचा पैसा शेवटी लोकांचा आहे. तो लोकांपाशी राहील अशा रूपात खर्च व्हावा, एवढीच या अभ्यासामागील अपेक्षा आहे.